मिरज–पंढरपूर रस्त्यावरची लिंबाची रोपवाटिका: रोपं घ्यायला जाणाऱ्यांसाठी

लिंबाची, मोसंबीची रोपं घ्यायची असतील आणि 'हे रोप कुठल्या झाडाचं, ते झाड कधी तपासलंय' याचं सरळ उत्तर हवं असेल, तर मिरजेहून कवठेमहांकाळकडे येताना पांढऱ्या कीटकरोधक जाळीच्या शेड दिसतात, तिथे गाडी थांबवा. रोपवाटिकेचं नाव मी लिहीत नाही. मालकच म्हणाले, "नाव टाकू नका वहिनी, फोन घ्यायचे का डोळे भरायचे?" (डोळे भरणं म्हणजे कलम करणं, एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या खोडात बसवणं.) वर्षाला ठरावीकच रोपं तयार होतात आणि बहुतेक आधीच सांगून ठेवलेली असतात. त्या रस्त्यावर कुणालाही 'पाय धुवायला लावणारी नर्सरी' म्हणून विचारा, बरोबर दाखवतील.

आमची जमीन सावळजच्या बाजूला. दोन एकर द्राक्षबाग गेल्या हंगामानंतर काढली. छाटणीनंतरचा पाऊस, औषधांचा खर्च, व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे, आमच्या भागात हे कुणाला नव्याने सांगायला नको. त्या जागी कागदी लिंबू आणि बांधाकडेने थोडी मोसंबी लावायची असं घरात ठरलं. हिशेबाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे रोपं कुठून आणायची हेही माझ्याकडेच आलं.

माझं माहेर आटपाडी तालुक्यातलं. तेल्या रोगाने तिकडच्या डाळिंबाचं काय केलं ते मी घरात बसून पाहिलंय. वाऱ्यापावसाने तेल्या पसरतो हे खरंच, पण नव्या शिवारात तो शिरला तो बऱ्याच वेळा रोपांबरोबर. रोगट बागेतल्या गुट्या (फांदीलाच मुळं फोडून केलेली कलमं), स्वस्तात, टेम्पो भरून. पहिलं वर्ष झाड हिरवंगार, आणि बहार धरला की फळावर तेलकट डाग. थोरल्या भावाने शेवटी सगळी बाग उपटली. तेव्हापासून रोप दारात येण्याआधी त्याचं घराणं विचारायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं आहे.

लिंबूवर्गीय झाडांत तर हे जास्तच महत्त्वाचं. खैऱ्या दिसतो, पानावर खरखरीत तपकिरी ठिपके आणि भोवती पिवळं कडं. डिंक्या दिसतो, खोडातून डिंक गळतो. पण ट्रिस्टेझा आणि ग्रीनिंग हे दोन रोग डोळकाडीतून, म्हणजे कलमासाठी घेतलेल्या काडीतून, येतात आणि रोप विकलं जातं त्या दिवशी त्याच्या अंगावर काहीच दिसत नाही. ग्रीनिंगची लक्षणं दिसायला कित्येक महिने, कधी दोन-तीन वर्षंही जातात, आणि त्यावर आजही औषध नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २००५ साली तो सापडला. त्याआधी तिथे वर्षाला २४ कोटींच्या आसपास पेट्या संत्री निघायची, २०२२-२३ च्या हंगामात ती दोन कोटींच्याही खाली आली. मधे चक्रीवादळं आली, पण मुख्य घाव ग्रीनिंगचाच. तिथे पैसा, विद्यापीठं, विमानातून फवारणी, सगळं असताना ही गत झाली.

आता रोपवाटिकेबद्दल. फाटकाशी जांभळ्या पाण्याचा उथळ हौद आहे, पोटॅशियम परमँगनेटचा. चपला बाहेर काढायच्या, पाय बुडवायचे, त्यांच्या रबरी चपला घालायच्या. शेडला दोन दारं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाहीत. हात धुऊन झाल्यावर मालकांनी पहिला प्रश्न विचारला तो पैशाचा नव्हता, जमिनीचाही नव्हता.

"घराजवळ कढीपत्ता आहे का?"

आहे, म्हटलं. कुणाच्या परसात नसतो? "आणि कामिनीचं कुंपण?" ते शेजाऱ्यांकडे आहे. मग त्यांनी समजावलं. ग्रीनिंगचा जिवाणू झाडाझाडांत नेणारा कीटक म्हणजे सायला, आणि तो कढीपत्ता नि कामिनीच्या कोवळ्या फुटीवर आनंदाने वाढतो. लिंबाची बाग स्वच्छ रोपांची लावली आणि शेजारचं कुंपण सायलाने भरलेलं असलं तर वर्षा-दोन वर्षांत केलेलं सगळं पाण्यात. झाडं तोडा असं ते म्हणाले नाहीत. नवी फूट आली की आठवड्याला बघा, एवढंच म्हणाले आणि कसं बघायचं ते दाखवलं. सायला जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा, करड्या रंगाचा. मावा पानाला चिकटून बसतो. सायला मात्र डोकं खाली, शेपटाकडचा भाग वर, असा तिरका उभा राहतो. पिल्लं पिवळसर, आणि त्यांच्या मागे पांढरे मेणाचे दोरे. एकदा पाहिलं की विसरत नाही. घरी आल्यावर मी कढीपत्त्याची शेंड्याची फूट भिंगाखाली पाहिली, तेव्हा दोन ठिकाणी ते दोरे होतेच. लगेच फांद्या छाटून जाळल्या.

मालकांच्या पत्नी, काकीच म्हणते मी त्यांना, तिथल्या सगळ्यात कसबी माणूस आहेत. डोळे भरायचं काम त्यांचं. सुरी हातात, शेजारी ब्लीचच्या पाण्याचा डबा, आणि एका मातृवृक्षाची (ज्याच्यापासून कलमं करतात त्या झाडाची) डोळकाडी संपून दुसऱ्याची हातात घेताना सुरी त्यात बुडणारच. लिंबूवर्गीय झाडांत व्हायरॉइड म्हणून विषाणूपेक्षाही लहान प्रकार असतो, तो नुसत्या सुरी-कात्रीने एका झाडातून दुसऱ्यात जातो. "हात धुतला नाही तर चालेल, सुरी धुतलीच पाहिजे," हे त्या तिथल्या मुलींना दिवसभर सांगत असतात.

काकींनी मला शिकवलेली एक गोष्ट इथे लिहितेच. लिंबाचं पान पिवळं पडलं की आपण जस्ताची कमतरता म्हणतो आणि झिंक फवारतो. त्यांनी पान तळहातावर घेतलं, मधल्या शिरेवर बॉलपेनने रेघ ओढली आणि म्हणाल्या, आता डावी-उजवी बाजू जुळवून बघ. जस्त कमी असेल तर पिवळे पट्टे दोन्हीकडे सारखे येतात. ग्रीनिंगमध्ये ते वेडेवाकडे असतात, डावीकडे एक ठिपका, उजवीकडे भलत्याच जागी दुसरा, जुळतच नाहीत. एवढ्याने रोगाचं निदान होत नाही, पण कुठल्या झाडाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा ते ठरवता येतं.

रोपं जमिनीवर ठेवलेली नाहीत, लोखंडी मांडवावर पिशव्यांत आहेत. मूळकूज आणि डिंक्याची बुरशी मातीतून आणि साचल्या पाण्यातून येते, म्हणून पिशवीतली मातीही उन्हाळ्यात प्लास्टिकखाली तापवून घेतलेली. कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर वर. आमच्याकडे बाजारात मिळणाऱ्या रोपांत जोड चार बोटांवर असतो, मग भर घालताना तो मातीत जातो आणि दोन पावसाळ्यांत डिंक्या धरतो. हा साधा फरक बघायला पैसे लागत नाहीत. कुठल्याही रोपवाटिकेत गेलात तरी आधी वाकून जोड बघा.

कागदपत्रांत ते सगळ्यांच्या पुढे आहेत. प्रत्येक मांडवाला पाटी: वाण, खुंट, म्हणजे ज्यावर कलम बसवतात ते मुळाचं झाड (रंगपूर किंवा जंबेरी), मातृवृक्षाचा क्रमांक, डोळा भरल्याची तारीख. मातृवृक्ष वेगळ्या जाळीत, आणि त्यांची मूळ सामग्री नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडून आणलेली. तिथे शूट टिप ग्राफ्टिंगने झाडं शुद्ध करून घेतात. शेंड्याचा ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा कोंब सूक्ष्मदर्शकाखाली कापून परीक्षानळीतल्या बाळरोपावर बसवायचा. झाड विषाणूने भरलेलं असलं तरी त्या टोकाच्या कोंबापर्यंत विषाणू बहुधा पोचलेला नसतो. १९७० च्या दशकात ही पद्धत बसली आणि आज जगभर लिंबूवर्गीय झाडं याच वाटेने स्वच्छ होतात. मालकांच्या फाइलमध्ये मातृवृक्षांचे पीसीआरचे, म्हणजे रोगजंतू शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचे, अहवाल लावलेले आहेत. मागितले की हातात देतात, फोटो काढू देतात.

पण या रोपवाटिकेवर एवढं लिहायला बसले ते यासाठी नाही. ते आमच्या दिरांच्या झाडामुळे.

भावजी पुण्याला असतात. त्यांनी ऑनलाइन एक 'इम्पोर्टेड मेयर लेमन' मागवलं होतं, कुंडीतलं, फळं लागलेलं. विक्रेत्याचं नाव घेत नाही. फ्लॅटमध्ये ऊन पुरेना म्हणून दिवाळीत ते आमच्या अंगणात आलं. झाड इतकं देखणं की विचारू नका, गडद पानं, पातळ सालीची केशरी झाक असलेली लिंबं, रस भरपूर आणि आंबटपणा कमी. भावजींची इच्छा होती की त्याचे डोळे भरून दहा-वीस रोपं करून घ्यावीत. मी कुंडी गाडीत घातली आणि रोपवाटिकेत नेली.

मालकांनी झाड फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. रस्त्याच्या पलीकडे, गाडीतच ठेवायला लावलं. "वहिनी, कागद आहेत का?" कुठले कागद, विचारलं. तेव्हा त्यांनी बाहेरच्या बाकावर बसून सांगितलं. परदेशातून कलम किंवा रोप लावणीसाठी आणायचं तर १९१४ च्या विध्वंसक कीटक व रोग कायद्याखाली २००३ साली काढलेला वनस्पती क्वारंटाईन आदेश लागू होतो. आधी आयात परवाना काढायचा. माल निघतो त्या देशाच्या सरकारी अधिकाऱ्याने तपासून फायटोसॅनिटरी, म्हणजे रोप रोग-किडीपासून मुक्त असल्याचं, प्रमाणपत्र द्यायचं. बंदरावर किंवा विमानतळावर आपल्या क्वारंटाईन केंद्राची तपासणी. त्यानंतरही रोप थेट शेतात जात नाही, मंजूर केलेल्या बंदिस्त जागेत ठरलेल्या मुदतीपर्यंत वाढवायचं, अधिकारी येऊन बघणार, आणि रोग निघाला तर नष्ट करायचं. संशोधनासाठी येणारं वाण दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोमार्फत येतं. "एवढ्यातून गेलेलं झाड कुरिअरने पुण्याच्या फ्लॅटवर येईल का?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती.

मग त्यांनी मेयरची गोष्ट सांगितली आणि मी थक्क झाले. फ्रँक मेयर नावाच्या माणसाने अमेरिकन कृषी खात्यासाठी १९०८ साली चीनमधून हे लिंबू नेलं. लोकांना आवडलं, कॅलिफोर्नियात घरोघरी लागलं. १९४० च्या दशकात लक्षात आलं की त्यातली बहुतेक झाडं ट्रिस्टेझाचा विषाणू अंगात घेऊन फिरतायत आणि स्वतःला काहीच होऊ देत नाहीत. आजूबाजूच्या संत्र्या-मोसंबीला मात्र मारतायत. शेवटी झाडं काढायला लावली, आणि विषाणूमुक्त निवड शोधून ती १९७५ साली 'इम्प्रूव्हड मेयर' म्हणून दिली. म्हणजे आमच्या अंगणातलं झाड देखणं होतं यावरून त्याच्या तब्येतीचं काहीच कळत नव्हतं.

नमुना कसा घ्यायचा तेही त्यांनीच शिकवलं, फी न घेता. झाडाच्या चारही बाजूंच्या फांद्यांवरून पक्व पानं, देठासकट, कारण ग्रीनिंगचा जिवाणू देठात आणि मधल्या शिरेत सापडतो. एकाच फांदीची पानं घेतली तर चुकायची शक्यता, तो झाडात सगळीकडे सारखा नसतो. पानं पुसून कागदात गुंडाळायची, पिशवीत घालायची, बर्फाची पिशवी बरोबर ठेवायची पण गोठवायची नाहीत. सोमवारी कुरिअर करायचं, म्हणजे रविवारी कुठे पडून सडत नाहीत. प्रयोगशाळेची फी भावजींनी झाडाला दिलेल्या किमतीपेक्षा जास्त झाली, ती त्यांनीच भरली.

अहवाल आला: ट्रिस्टेझा आढळला, ग्रीनिंग आढळलं नाही. मालकांनी वाचून लगेच सांगितलं, दुसऱ्या ओळीवर विसंबू नका. लागण नवी असली तर पीसीआरमध्ये येईलच असं नाही, म्हणून पुन्हा पुन्हा तपासतात आणि म्हणूनच क्वारंटाईनला मुदत लागते, एका दिवसात शिक्का मारून काम होत नाही. विक्रेत्याकडे भावजींनी आयातीचे कागद मागितले. उत्तरादाखल झाडाचा आणखी एक सुंदर फोटो आला, नंतर उत्तरं बंद झाली.

भावजींनी एक प्रश्न विचारला, तो रास्त होता. ट्रिस्टेझा आपल्याकडे आधीपासून आहेच, ग्रीनिंगही आहे, मग बाहेरच्या झाडाला एवढं काय घाबरायचं? मालकांचं उत्तर मला पटलं. ट्रिस्टेझाचे प्रकार सौम्य असतात तसे जहालही असतात. रंगपूर, जंबेरी हे आपले खुंट त्याला बऱ्यापैकी सोसतात, पण कागदी लिंबू स्वतःच नाजूक आहे, खुंट कुठलाही असो. इतकं नाजूक की जगभरच्या क्वारंटाईन केंद्रांत ट्रिस्टेझा ओळखायला याच जातीचं लिंबू लावतात: संशयित झाडाची काडी त्यावर कलम करायची, पान उजेडाकडे धरायचं, शिरा तुटक-तुटक पारदर्शक दिसल्या की विषाणू आहे. आणि आम्ही लावणार होतो कागदी लिंबूच, अंगणापासून हाकेच्या अंतरावर. ट्रिस्टेझा झाडाझाडांत नेणाऱ्या काळ्या माव्याला तेवढं अंतर म्हणजे काहीच नाही. शिवाय आपल्या बागांत नको असलेले आणखी रोग बाहेर आहेतच. ब्राझीलमध्ये १९८७ साली दिसलेला व्हेरिगेटेड क्लोरोसिस हा त्यातलाच, तोही कलमातून जातो आणि पुढे तुडतुड्यांनी पसरतो.

झाड काढायच्या आधी त्यावर कीटकनाशक फवारायला सांगितलं, नाहीतर उपटताना मावा उडून शेजारी जातो. दुसऱ्या दिवशी मुळासकट काढून जाळलं. भावजी स्वतः आले होते. गप्प होते, पण काम त्यांनीच केलं.

त्या दिवशी मालकांना आमच्या झाडाचे डोळे भरून देऊन चांगले पैसे करता आले असते. मोठ्या शेडमध्ये तिथून दहा फुटांवर शेकडो रोपं उभी होती, कुणाला कळलंही नसतं. त्यांनी नाही म्हटलं, तासभर बसून कारण सांगितलं, आणि नागपूरहून आणलेलं कुठलंही नवं वाणसुद्धा ते स्वतः आधी वेगळ्या छोट्या शेडमध्ये ठेवतात, फेरतपासणी झाल्यावरच बाकीच्यांत मिसळतात, हे दाखवलं. त्या छोट्या शेडमध्ये तेव्हा कटर व्हॅलेन्सिया या मोसंबीवर्गातल्या वाणाची काही झाडं होती. मी दोन मागितली. मिळाली नाहीत.

आता खटकलेल्या गोष्टी. रोपाची किंमत बाजारापेक्षा दुपटीच्या आसपास आहे आणि घासाघीस होत नाही. दोन एकराचा हिशेब करताना ते जड जातं. मी बिलावर वाणाबरोबर मातृवृक्षाचा क्रमांक लिहून घेतला, तो मागितल्यावर लिहिला. प्रत्येकाला न मागता मिळायला हवा. अहवाल सगळे इंग्रजीत आहेत, शेतकऱ्याला कळेल असा मराठीत एक पानाचा गोषवारा फाइलला लावणं अवघड नाही. मला दाखवलेल्या अहवालांपैकी मोसंबीच्या एका झाडाचा वर्षापूर्वीचा होता. विचारल्यावर 'पावसाळ्यानंतरचा नमुना गेलाय' म्हणाले, पण मी त्या झाडाची रोपं घेतली नाहीत आणि तुम्हीही तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका. वाहतूक तुमची तुम्हाला. टेम्पोवाल्याला ताडपत्री आणायला सांगा, उघड्या टेम्पोत कोवळी फूट वाऱ्याने भाजते. फोन दुपारी एक ते तीनमध्येच उचलतात.

कुणाला फक्त कागदी लिंबू लावायचं असेल आणि बजेट कमी असेल तर त्यांच्याकडे बियांची रोपंही आहेत, निम्म्याहून कमी दरात. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, कलमं विकायचा आग्रह धरला नाही. कागदी लिंबाच्या एका बीतून एकाहून जास्त अंकुर येतात आणि त्यातले बहुतेक आईसारखेच निघतात. ट्रिस्टेझा, ग्रीनिंग बियांतून जात नाहीत. फळ यायला कलमापेक्षा वेळ लागतो आणि खैऱ्यापासून सुटका नाही, त्याला नागअळीवर लक्ष ठेवावंच लागतं, कारण नागअळीने पोखरलेल्या पानातून खैऱ्या आत शिरतो. आम्ही एक एकर बियांच्या साई सरबतीचं (हे कागदी लिंबाचंच वाण) केलं आणि एक एकर कलमांचं. लावून पावसाळा गेला. कलमांपैकी थोडी मर झाली ती आमच्याकडच्या निचऱ्यामुळे, रोपांत दोष नव्हता. पानं दर आठवड्याला बघते, बॉलपेन खिशात असतं.

पाचापैकी साडेचार देईन, अर्धा त्या जुन्या अहवालासाठी कापला.

जाताना दुसऱ्या बागेतून थेट जाऊ नका, कपडे बदलून जा. त्यांना ते आवडतं आणि त्यांचं बरोबर आहे. घरचं लिंबाचं झाड दाखवायचं असेल तर कुंडी नेऊ नका, पानाचे दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो न्या. मृगाच्या लावणीला रोपं हवी असतील तर संक्रांतीच्या सुमारास नाव सांगून, थोडा विसार देऊन ठेवा. मे महिन्यात गेलात तर उरलेली मोसंबीच मिळेल.